धरमपेठेतील रेकॉर्ड-बैठक आणि जॉनी पाचेकोची कारकीर्द

धरमपेठेत, गोकुळपेठ बाजाराकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जुन्या-नव्या रेकॉर्डचे एक लहानसे दुकान आहे. तिथे विक्रीबरोबरच शनिवारी संध्याकाळी ऐकण्याच्या बैठकी होतात. एखादा कलावंत, एखादी रेकॉर्ड कंपनी किंवा एखाद्या शहराचा विशिष्ट काळ निवडून त्यावर चार शनिवारांची मालिका करायची, दर बैठकीत सुरुवातीला पाऊण तास माहिती सांगायची, मग निवडलेली रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, दोन्ही बाजू, मध्ये एक शब्दही न बोलता वाजवायची आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे घ्यायची, अशी या बैठकींची रीत आहे. एका बैठकीचे शुल्क तीनशे रुपये असून चारही एकदम नोंदवल्यास हजार रुपये पडतात. त्यात चहा येतो आणि गाण्यांचा मराठी सारांश असलेले एक छापील पत्रकही मिळते. या खेपेची मालिका जॉनी पाचेको या लॅटिन संगीतातील रचनाकारावर आणि रेकॉर्ड कंपनीच्या संस्थापकावर होती. ती मी पूर्ण ऐकली. ज्यांना संगीत मनापासून ऐकावेसे वाटते त्यांनी या बैठकींना अवश्य जावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि शेवटच्या बैठकीत जी एक मोठी उणीव राहिली तिच्याबद्दलही येथे सविस्तर लिहिणार आहे.

विषयाची निवडच मुळात धाडसाची आहे. नागपुरात पाचेकोचा साल्सा हा संगीतप्रकार बहुतेकांना नृत्याच्या वर्गांमुळे ठाऊक असतो. तो कोणी घडवला, कोणत्या शहरात घडला, त्याच्या रेकॉर्ड कोणी छापल्या, याची चौकशी आपल्याकडे सहसा होत नाही. त्यात पुन्हा गायकाऐवजी रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या माणसावर चार संध्याकाळी खर्च करायच्या, म्हणजे श्रोता टिकेल की नाही ही शंका कोणालाही यावी. प्रत्यक्षात दुकानातील पंचवीसेक खुर्च्या चारही शनिवारी भरलेल्या होत्या, आणि श्रोत्यांमध्ये तबला शिकणारी मुले, नृत्यवर्गातील मुली, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी आणि आकाशवाणीवर वाढलेले जुने रसिक असे सगळे होते. याचे श्रेय दुकानाच्या चालकांच्या मांडणीला द्यावे लागेल. पाचेकोने कंपनीत घेतलेले निर्णय रेकॉर्डमध्ये ऐकू येतात, हे सूत्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि पहिले तीन शनिवार ते निष्ठेने पाळले.

पाचेकोचा जन्म 25 मार्च 1935 रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील सांतियागो दे लोस काबायेरोस या गावी झाला. वडील राफाएल आझारियास पाचेको क्लॅरिनेट हे फुंकवाद्य वाजवीत आणि स्वतःचा वाद्यवृंद चालवीत. 1940च्या दशकात, जॉनी अकरा वर्षांच्या आसपास असताना, हे कुटुंब न्यूयॉर्कला स्थलांतरित झाले. पहिली बैठक या बालपणावर आणि 1960च्या 'पाचेको ई सु चारांगा' या रेकॉर्डवर होती. चारांगा म्हणजे बासरी, व्हायोलिने, पियानो, बास आणि तालवाद्ये असा क्यूबन घाटाचा ताफा. त्यात पाचेको स्वतः लाकडी बासरी वाजवतो. अलेग्रे या कंपनीने काढलेल्या या रेकॉर्डच्या पहिल्याच वर्षात लाखाहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. ही बैठक नीटनेटकी झाली, मात्र तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रेकॉर्ड गोड आहे, नाचायला उत्तम आहे आणि तिच्यात पुढच्या काळातील पाचेकोची चाहूल फारशी लागत नाही.

खरी मालिका दुसऱ्या शनिवारी सुरू झाली. 1964 साली पाचेकोने जेरी मासुची या इटालियन वंशाच्या वकिलाबरोबर फानिया ही कंपनी काढली. मासुची पूर्वी न्यूयॉर्कच्या पोलीस दलात होता आणि पाचेकोच्या घटस्फोटाच्या कामात तो त्याचा वकील होता. त्या ओळखीतून ही भागीदारी उभी राहिली. हिशेब, करार आणि व्यवहार मासुचीकडे, तर कोणाला घ्यायचे, काय वाजवायचे आणि ते कसे मुद्रित करायचे हे पाचेकोकडे, अशी कामांची वाटणी होती. सुरुवातीच्या काळात रेकॉर्डचे गठ्ठे मोटारीच्या डिकीत घालून न्यूयॉर्कमधील लॅटिन वस्तीतल्या दुकानांत स्वतः पोचवण्याचे काम या दोघांनी केले. कंपनीची पहिली रेकॉर्ड पाचेकोचीच होती. तिचे नाव 'कान्योनासो', गायक पीट 'एल कोंदे' रॉड्रिगेझ. तिच्यात 'फानिया' नावाचे एक क्यूबन गाणे आहे, आणि कंपनीचे नावही तेच.

'कान्योनासो' वाजवण्यापूर्वी चालकांनी जे समजावून सांगितले ते ऐकण्याला खरोखर दिशा देणारे होते. चारांगाच्या यशानंतर चारच वर्षांत पाचेकोने तो ताफा मोडला, व्हायोलिने काढली, बासरी मागे ठेवली आणि ट्रम्पेट, त्रेस नावाचे तंतुवाद्य, पियानो, बास, बाँगो आणि काँगा या हाताने वाजवायच्या तालवाद्यांचा कोन्हुन्तो हा घाट स्वीकारला. हा घाट क्यूबातील सोनोरा मातान्सेरासारख्या ताफ्यांचा होता. खपणारी गोष्ट हातात असताना ती बाजूला ठेवणे हा निर्णय वादकाचाही होता आणि मालकाचाही. रेकॉर्ड सुरू झाली तेव्हा तो फरक पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळला: वाद्ये कमी, जागा जास्त, ट्रम्पेटचे तुकडे छोटे आणि नेमके, आणि मधल्या मोकळ्या जागेत गायकाचा आवाज निर्धास्तपणे फिरतो आहे. पाचेकोच्या कामातील काटकसर, म्हणजे गायकाला अडवेल असे काहीही न ठेवण्याची शिस्त, येथे पहिल्यांदा स्पष्ट ऐकू येते.

याच बैठकीत ताल समजावण्याचा भाग होता आणि तो फार चांगला वठला. लॅटिन संगीताचा कणा असलेली क्लावे ही ठेवण दोन मापांत पाच आघातांची असते, एका मापात तीन आणि दुसऱ्यात दोन, आणि बाकीची सगळी वाद्ये त्या ठेवणीशी इमान राखून वाजतात. नृत्यवर्गातील एका मुलीने विचारले, "काका, आम्हाला क्लासमध्ये आठ मोजायला शिकवतात. इथे ते आठ कुठे आहेत?" चालकांनी दोन लाकडी काठ्या तिच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "आठ सोड बेटा, आधी हे पाच आघात हाताने वाजव. आठ तुझे तुलाच सापडतील." मग त्यांनी 'कान्योनासो'मधील एक गाणे पुन्हा लावले आणि ती मुलगी शेवटपर्यंत काठ्या वाजवीत राहिली. सुरुवातीला तिचा हात घसरत होता, दुसऱ्या कडव्यानंतर बसला. असे शिकवणे शुल्कात बसणारे नाही. ते शिकवणाऱ्याच्या आस्थेतून येते.

मात्र दुसऱ्या बैठकीचे सर्वांत मोठे यश वेगळे आहे. पाचेकोची स्वतःची आवड जुन्या क्यूबन वळणाची होती आणि ती त्याने आयुष्यभर सोडली नाही. त्याचा स्वतःचा ताफा तेच ते जुने वळण गिरवतो अशी टीकाही त्याच्यावर झाली. अशा माणसाने कंपनीत कोणाला घेतले हे पाहिले की आश्चर्य वाटते. 1967 साली विली कोलोन या ट्रॉम्बोनवादकाची 'एल मालो' ही रेकॉर्ड निघाली तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात वाढलेला हा मुलगा ट्रम्पेटऐवजी दोन ट्रॉम्बोन पुढे ठेवतो, आणि त्या ट्रॉम्बोनचा आवाज खरखरीत, रस्त्यावरचा, पाचेकोच्या नीटस ट्रम्पेटच्या अगदी उलट आहे. कोलोनच्या रेकॉर्डसाठी पोर्तो रिकोतील पोन्सेहून आलेल्या हेक्टर लावो या तरुण गायकाचे नाव पाचेकोनेच सुचवले, आणि ही जोडी पुढे कंपनीच्या यशाचा मोठा आधार ठरली. ब्रुकलिनचा ज्यू पियानोवादक लॅरी हार्लो, काँगावादक रे बारेटो, बासवादक आणि संयोजक बॉबी वालेंतिन, गायक चेओ फेलिसियानो, हे सगळे वेगवेगळ्या चालीचे लोक एका छताखाली आले.

चालकांनी 'कान्योनासो'नंतर लगेच 'एल मालो'मधील एक गाणे लावले आणि काहीही भाष्य केले नाही. दोन आवाजांमधील अंतर एवढे होते की मागच्या रांगेतील एक गृहस्थ आपणहून म्हणाले, "हे त्याला स्वतःला आवडले असेल काय?" मला वाटते, पाचेकोच्या कारकिर्दीचे मर्म या प्रश्नात आहे. स्वतःला आवडते तेच छापणारा मालक एक चांगला संग्रह उभा करतो. स्वतःच्या आवडीपलीकडचे गुण ओळखून त्याला वाट करून देणारा मालक एक परंपरा उभी करतो. पाचेकोने दुसरे काम केले, आणि तेही स्वतःची आवड न बदलता. आवड आणि पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे रेकॉर्ड कंपनीच्या इतिहासातून इतक्या थेटपणे ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

तिसरी बैठक 'लाइव्ह अॅट द चीटा' या रेकॉर्डच्या पहिल्या भागावर होती आणि ती या मालिकेचा कळस होती. कंपनीतील सगळ्या ताफ्यांचे प्रमुख आणि गायक एकत्र आणून 'फानिया ऑल-स्टार्स' हा संच 1968 साली ग्रीनिच व्हिलेजमधील रेड गार्टर या ठिकाणी पहिल्यांदा उभा करण्यात आला, पण त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. 26 ऑगस्ट 1971 च्या रात्री मॅनहॅटनमधील चीटा या नृत्यगृहात तो पुन्हा उभा राहिला. या वेळी ध्वनिमुद्रणाबरोबर चित्रीकरणही झाले. त्या चित्रीकरणातून दिग्दर्शक लिऑन गॅस्टचा 'अवर लॅटिन थिंग' हा माहितीपट 1972 साली तयार झाला, आणि ध्वनिमुद्रणातून दोन रेकॉर्ड निघाल्या. एका रात्रीच्या कार्यक्रमातून चित्रपट आणि दोन रेकॉर्ड काढणे ही कंपनीची व्यावसायिक हुशारी होती. त्या रात्री मंचावर जे घडले ते घडू देणे हे पाचेकोचे काम होते.

'किताते तू' हे पाचेको आणि बॉबी वालेंतिन यांनी मिळून रचलेले गाणे या रेकॉर्डवर सोळा मिनिटांहून अधिक काळ चालते. तू बाजूला हो, म्हणजे मला जागा मिळेल, अशा अर्थाची एक ओळ समूह पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि त्या ओळीच्या मधल्या जागेत एकेक गायक पुढे येऊन आयत्या वेळी सुचलेल्या ओळी गातो. सांतोस कोलोन, आदालबेर्तो सांतियागो, पीट रॉड्रिगेझ, इस्माएल मिरांडा, हेक्टर लावो, चेओ फेलिसियानो, बॉबी क्रूझ असे सात गायक एकामागून एक येतात. आपल्याकडे कीर्तनात किंवा खडी गंमतीत झीलकरी धरून ठेवतात आणि मुख्य गायक त्या आधारावर मोकळा होतो, तीच यंत्रणा येथे आहे, फक्त मुख्य गायक सात आहेत आणि प्रत्येकाला आधीच्याला मागे टाकायचे आहे. हे गाणे कागदावर पाहिले तर त्यात जवळजवळ काहीच नाही, एक ओळ आणि एक ठेका. रचनाकाराने मुद्दाम काहीच न लिहिता सात माणसांसाठी जागा लिहिली आहे. कंपनी चालवणाऱ्या माणसाने आपल्या सगळ्या कलावंतांसाठी रचलेले याहून नेमके गाणे मला दुसरे आठवत नाही. त्यात स्पर्धा आहे, क्रम आहे, कोणाचाही अपमान नाही, आणि मालक स्वतः बाजूला उभा राहून कोण कधी आत येणार ते हाताने खुणावतो आहे.

याच रेकॉर्डवर 'आनाकाओना' आहे, तीते कुरेत अलोन्सो या पोर्तो रिकन रचनाकाराचे, स्पॅनिश आक्रमणाच्या काळातील, कॅरिबियन बेटांवरील ताइनो या मूळ रहिवासी जमातीच्या राणीवरचे गाणे. ते चेओ फेलिसियानो ज्या संयत स्वरात गातो त्यावर पत्रकातील मराठी सारांशाने चांगला प्रकाश टाकला. पत्रकांचा दर्जा एकूणच चांगला आहे. गाण्याच्या ओळींचा शब्दशः अनुवाद करण्याऐवजी कोण कोणाला काय सांगतो आहे हे चार-पाच वाक्यांत सांगायचे, ही पद्धत ऐकताना फार उपयोगी पडते, कारण डोळे कागदावर खिळून राहत नाहीत.

ध्वनीची व्यवस्था जवळपास निर्दोष आहे. लाकडी पेट्यांचे जुने स्पीकर खोलीच्या मानाने मोठे असले तरी आवाज मर्यादेत ठेवला जातो आणि बास भिंतींवर आदळत नाही. प्रत्येक रेकॉर्ड लावण्यापूर्वी पुसली जाते, सुई तपासली जाते. अडचण एकच आहे आणि ती नागपूरची आहे. ही मालिका उन्हाळ्यात झाली, आणि रेकॉर्ड वाजत असताना कूलर बंद ठेवण्याचा नियम चालकांनी काटेकोर पाळला. नियम योग्यच आहे, कारण कूलरच्या घरघरीत बाँगो ऐकू येणार नाही. मात्र पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना बंद खोलीत एका बाजूची वीसेक मिनिटे काढणे वयस्क श्रोत्यांना जड गेले. दोन बाजूंच्या मध्ये दहा मिनिटांची विश्रांती आणि पन्ह्याची सोय असती तर बरे झाले असते. चहाचा आग्रह वैशाखात सोडायला हरकत नाही. बाहेरून मागवलेल्या रेकॉर्ड एप्रिल-मेमध्ये वाटेतच वाकतात, म्हणून या दिवसांत दुकानाचे चालक नवी मागणी नोंदवत नाहीत आणि ग्राहकाला पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगतात. विक्री बुडत असतानाही असे सांगणारा दुकानदार विश्वासाला पात्र आहे.

चौथ्या बैठकीचा पूर्वार्ध 'सेलिया अँड जॉनी' या 1974च्या रेकॉर्डला दिला होता, आणि तो सुंदर होता. सेलिया क्रूझ 1950 पासून सोनोरा मातान्सेराची गायिका होती. 1960 साली तिने क्यूबा सोडले आणि तिला पुन्हा मायदेशी जाता आले नाही. अमेरिकेत 1960च्या दशकात तिने टिटो पुएन्ते या न्यूयॉर्कमधील वाद्यवृंदप्रमुखाबरोबर अनेक रेकॉर्ड केल्या, पण त्यांना अपेक्षित यश मिळाले नाही. पाचेकोने तिला पुन्हा त्या लहान, मोकळ्या, मातान्सेराच्या वळणाच्या ताफ्यासमोर उभे केले. ज्या जुन्या आवडीबद्दल त्याच्यावर टीका होत होती, तीच आवड येथे नेमकी उपयोगी पडली. 'किम्बारा'च्या पहिल्या ओळीपासून हे जाणवते की आवाजाला आपले घर सापडले आहे. ते गाणे हुनिओर सेपेदा या तरुण पोर्तो रिकन रचनाकाराचे, तर 'तोरो माता' पेरूमधील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या परंपरेतील. म्हणजे वळण जुने ठेवूनही गाण्यांची निवड चहूबाजूंनी केलेली आहे. तेव्हा सेलिया पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ऑल-स्टार्सचा संच तेव्हाच्या झैरेतील, म्हणजे आजच्या काँगोतील, किन्शासाला गेला आणि आफ्रिकेच्या मैदानावर तिने हेच संगीत गायले. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत या रेकॉर्डचा 2013च्या यादीत समावेश झाला. त्याआधी 2003च्या यादीत ऑल-स्टार्सची 'लाइव्ह अॅट यांकी स्टेडियम' ही रेकॉर्ड आलेली होती. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियम या बेसबॉल मैदानावरील 24 ऑगस्ट 1973 च्या त्या कार्यक्रमाला चाळीस हजारांहून अधिक लोक जमले, ते मैदानात उतरल्याने कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला, आणि रेकॉर्डवरील बराचसा भाग नंतर पोर्तो रिकोतील सान हुआनच्या कार्यक्रमातून घ्यावा लागला, हा तपशील चालकांनी आवर्जून सांगितला.

पाचेकोच्या गीतलेखनासाठी या बैठकीत अर्धा तास ठेवला होता, तो मला कमी वाटला. त्याच्या नावावर दीडशेहून अधिक रचना आहेत, आणि त्यातील उत्तम रचना विशिष्ट गायकाच्या गळ्यासाठी बेतलेल्या आहेत. हेक्टर लावोसाठी लिहिलेले 'मी हेंते' हे गाणे गायकाला थेट श्रोत्यांशी बोलण्याची संधी देते, कारण लावोचे बळ तेच होते. सेलियासाठी लिहिलेले 'ला दिचा मिया' तिच्याच कारकिर्दीचा प्रवास तिच्या तोंडून सांगते, ज्या ज्या ताफ्यांनी तिला साथ दिली त्यांची आठवण ठेवत. मालक गायिकेसाठी तिची कृतज्ञता लिहितो आणि त्या यादीत तो स्वतःही असतो, ही गोष्ट विलक्षण आहे. तीत प्रेम आहे यात शंका नाही. एवढ्या जवळच्या नात्यात पैशाचा व्यवहार कसा होत असेल, हा प्रश्नही त्याच वेळी मनात उभा राहतो. तो प्रश्न चौथ्या बैठकीत विचारलाच गेला नाही, आणि या मालिकेबद्दल माझी खरी तक्रार ती आहे.

रेकॉर्ड कंपनीच्या माणसाची कारकीर्द सांगायची तर करार आणि हिशेब वगळून चालत नाही. त्या काळातील फानियाच्या अनेक रेकॉर्डवर क्यूबन गाण्यांच्या पुढे रचनाकाराच्या नावाऐवजी 'डी. आर.' एवढीच दोन अक्षरे छापलेली आहेत, म्हणजे हक्क राखीव. अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केल्याने तेथील रचनाकारांपर्यंत पैसे पोचवण्याचा मार्ग उरला नव्हता; मात्र पैसे पोचत नाहीत म्हणून नावही छापायचे नाही, याचे समर्थन मला करता येत नाही. ज्या संगीतावर पाचेकोचे सगळे घर उभे आहे ते संगीत रचणाऱ्या माणसांची नावे त्याच्याच कंपनीच्या कागदावरून गायब आहेत. अनेक कलावंतांनी कंपनीकडून रॉयल्टी नीट मिळाली नाही अशा तक्रारी केल्या, आणि 'सिएम्ब्रा'सारखी प्रचंड खपाची रेकॉर्ड देणारा पनामाचा गायक-रचनाकार रूबेन ब्लेड्स या प्रश्नावर कंपनीशी कायदेशीर लढा द्यायला उभा राहिला. 'आनाकाओना' लिहिणारा तीते कुरेत अलोन्सो टपाल खात्यात नोकरी करीत होता, आणि त्याची गाणी पुढे प्रकाशनहक्कांच्या वादात अडकल्याने पोर्तो रिकोच्या रेडिओवर कित्येक वर्षे वाजू शकली नाहीत. या गोष्टी तिसऱ्या बैठकीत ते गाणे ऐकलेल्या श्रोत्याला कळायला हव्या होत्या.

मी प्रश्नोत्तरांच्या वेळी हा विषय काढला. चालकांनी सौजन्याने ऐकले आणि म्हणाले की व्यवहाराची बाजू मासुचीची होती, म्हणून पाचेकोवरच्या मालिकेत ती घेतली नाही. हे उत्तर मला पटले नाही. कामांची वाटणी झाली म्हणून जबाबदारीची वाटणी तितक्या सहज होत नाही. शिवाय पाचेको स्वतः रचनाकार होता; रचनाकाराला नाव आणि दाम मिळण्याचे मोल त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत आपल्या गीतकार-संगीतकारांनी रॉयल्टीचा हक्क एकरकमी मोबदल्यात निर्मात्याला लिहून देणे ही सर्रास रीत होती. त्यामुळे नागपूरच्या श्रोत्याला हा भाग क्लिष्ट वाटला असता असे मानण्याचे कारण नाही. उलट चारही बैठकींत सर्वाधिक चर्चा त्यावरच झाली असती. पाचेकोबद्दलचा माझा आदर त्याने कमी झाला नसता. त्याने सात गायकांसाठी एका गाण्यात जागा केली हे जितके खरे, तितकेच त्याच्या कंपनीच्या कागदावर अनेक रचनाकारांना जागा मिळाली नाही हेही खरे, आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय माणूस पुरता कळत नाही.

कंपनीच्या उत्तरकाळाचा भाग शेवटी घाईत उरकला गेला. 1980च्या दशकात फानियाचा जोर ओसरला, मासुचीचे 1997 साली निधन झाले, जुना संग्रह पुढे एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जात 2018 साली कॉन्कॉर्ड या अमेरिकी संगीत कंपनीकडे आला, आणि पाचेको 15 फेब्रुवारी 2021 रोजी वयाच्या 85व्या वर्षी वारला. याला पाच-सात मिनिटे पुरली. यापेक्षा जास्त वेळ लागलाही नसता. मात्र आज जुन्या रेकॉर्ड नव्याने निघत आहेत ते हा संग्रह कोणीतरी विकत घेऊन जपल्यामुळे, एवढे तरी सांगायला हवे होते, कारण दुकानात विक्रीला ठेवलेल्या प्रती त्यातूनच आलेल्या आहेत.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. दुचाकी गल्लीत लावता येते, चारचाकी मुख्य रस्त्यावरच ठेवावी लागते आणि शनिवारी गोकुळपेठेतील बाजाराच्या गर्दीत जागा मिळणे कठीण असते. जिना अरुंद आणि चढाला खडा आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी फोन करून विचारावे. खालच्या मजल्यावर बसण्याची सोय नाही. बैठक वेळेवर सुरू होते आणि एकदा सुई टेकली की दार बंद होते, उशिरा आलेल्याला बाजू संपेपर्यंत बाहेर थांबावे लागते. मला हा नियम योग्य वाटतो. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बास थोडा जड ऐकू येतो. मधल्या दोन रांगा सर्वांत चांगल्या.

बैठकीनंतर रेकॉर्ड विकत घेण्याची सक्ती तर नाहीच, आग्रहही नाही. किमती नव्या छपाईच्या मानाने रास्त आहेत, आणि जुन्या प्रतींच्या कव्हरवर त्यांची अवस्था प्रामाणिकपणे लिहिलेली असते: कुठे ओरखडा आहे, कुठल्या गाण्यात करकर आहे, कव्हरला बुरशीचा डाग आहे की नाही. एकच घ्यायची असेल तर माझा सल्ला असा की बहुतेकांचा हात 'सेलिया अँड जॉनी'कडे जाईल आणि ती उत्तम आहेच, पण पाचेको समजून घ्यायचा असेल तर 'चीटा'चा पहिला भाग घ्यावा. 'आनाकाओना' आणि 'किताते तू' ही दोन्ही गाणी त्यातच आहेत. दुसऱ्या भागात नाहीत.